दारिएनच्या अरण्यात

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या पेठेतील एका तरुण मंडळाचे तीन-चार सभासद एक कागद घेऊन माझ्याकडे आले. नाताळात घाटाखालच्या दाट जंगलातून आठ दिवसांची पायी मोहीम काढावी, वाटेत एखाद्या पाड्यावर तीन दिवस मुक्काम करून तेथे काही सेवाकार्य करावे आणि मग पुढे जावे, असा त्यांचा बेत होता. मी जन्मभर इतिहास शिकविला, मोहिमांचे नकाशे फळ्यावर पुष्कळ काढले. स्वतः मात्र सिंहगडापलीकडे फारसा गेलो नाही. तरीही ‘सर, एकदा नजर घाला’ असा त्यांचा आग्रह पडला, म्हणून चष्मा लावून यादी वाचली. तीत ४३ बाबी होत्या. दोर, विजेऱ्या, ताडपत्र्या, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या, जळवांसाठी मीठ व तंबाखू, आणि शेवटी पाड्यावरच्या शाळेच्या भिंती रंगविण्यासाठी रंगाचे डबे व कुंचले. यादी चांगली होती. तीत चूक काढण्याजोगे काही सापडेना. पण दुसऱ्यांदा वाचताना ध्यानात आले की, तीत एकाही माणसाचे नाव नाही. ज्यांच्या पाड्यावर मुक्काम करावयाचा त्यांच्यापैकी कोणाशी बोलणे झाले आहे काय, असे मी विचारले. मुले एकमेकांकडे पाहू लागली. एकजण म्हणाला, “त्यात काय सर, गेल्यावर बोलूच की.”

या उत्तरासरशी मला दारिएनची आठवण झाली, आणि त्या संध्याकाळी मुलांना जे सांगितले तेच थोडे विस्ताराने येथे लिहीत आहे.

उत्तर व दक्षिण अमेरिका यांना जोडणारी पनामाची जी चिंचोळी संयोगभूमी, तिच्या पूर्वेकडील अरण्यमय भागास दारिएन म्हणतात. एका अंगास कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या अंगास पॅसिफिक महासागर, आणि मध्ये डोंगर, दलदल व सदैव ओले राहणारे रान. नकाशावर बोट ठेवले तर दोन्ही समुद्र एकाच बोटाखाली झाकले जातात. कोठे कोठे हे अंतर शंभर किलोमीटरही नाही. या भासानेच माणसांना फसविले. अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत जाणारा मोटाररस्ता आजही याच एका ठिकाणी तुटलेला आहे. या एवढ्याशा भूमीत पाच शतकांत इतक्या मोहिमा निघाल्या आणि त्यांतील इतक्या बुडाल्या की, मोहिमेची तयारी म्हणजे काय हे शिकावयाचे तर त्याहून चांगली शाळा सापडावयाची नाही.

पहिला धडा स्पॅनिशांचा. वास्को नून्येझ द बाल्बोआ याने १५१३ च्या सप्टेंबरात, म्हणजे ऐन पावसाळ्यात, सुमारे १९० सैनिकांनिशी हे डोंगर ओलांडले आणि युरोपीय माणसांत पलीकडचा महासागर या किनाऱ्यावरून प्रथम पाहिला. शाळेच्या पुस्तकांत तो एकटा शिखरावर उभा असलेला दाखवितात. वस्तुतः पलीकडे समुद्र आहे ही बातमीच त्याला तेथील लोकांनी दिली. कारेता नावाच्या राजाने वाटाडे व हमाल दिले, आणि त्यांच्यामागून चालून तो पोहोचला. वाटेत जे विरोधी निघाले त्यांच्यावर त्याने शिकारी कुत्री सोडली, हेही विसरता कामा नये. याच किनाऱ्यावर वसलेल्या आक्ला या गावी १५१९ साली त्याच्याच वरिष्ठाने त्याचा शिरच्छेद करविला.

फ्रान्सिस ड्रेक याची कथा याहून बोलकी आहे. १५७२ साली तो संयोगभूमीवरचे स्पॅनिश सोने लुटावयास आला. तरुणपणी गुलामांच्या व्यापाराच्या सफरीत सामील झालेला हा मनुष्य. पण येथे त्याचा तारणहार ठरले ते स्पॅनिशांच्या दास्यातून पळून रानात राज्य करून राहिलेले आफ्रिकी लोक. त्यांना सिमारोन म्हणत. ड्रेकने पहिला छापा केवळ आपल्या खलाशांच्या बळावर घातला व तो फसला. साथीने त्याची माणसे पटापट मेली. त्याचे दोन भाऊही त्या मोहिमेत दगावले, एक लढाईत व एक आजाराने. मग ३ फेब्रुवारी १५७३ रोजी, उन्हाळा लागल्यावर, अठरा इंग्रज आणि तीस सिमारोन अशी टोळी निघाली. शिधा सिमारोनांनी वाहिला, शिकार त्यांनी केली, दररोज संध्याकाळी पानांनी शाकारलेल्या झोपड्या त्यांनीच उभारल्या. ११ तारखेस त्यांच्या नायकाने ड्रेकला डोंगरमाथ्यावरील एका प्रचंड वृक्षावर चढविले. त्यांनी त्या झाडाला पायऱ्या पाडून वर मचाण बांधून ठेवले होते. तेथून दोन्ही समुद्र दिसत. त्या टोळीचा पहिला डाव एका दारू प्यालेल्या खलाशाने भलत्याच वेळी उठून उभे राहिल्यामुळे वाया गेला, पण पुढे एप्रिलात सोने हाती लागले. तीस सिमारोनांऐवजी आणखी तीस इंग्रज असते तर काय झाले असते, हे पहिल्या छाप्यानेच सांगितले होते.

आता ज्या मोहिमेसाठी दारिएनचे नाव इतिहासात कायमचे काळवंडले तिच्याकडे वळू. पण तिच्याआधी एका वैद्याची गोष्ट सांगितली पाहिजे. कारण ती मोहीम अंशतः त्याच्याच माहितीवर उभारली होती. लायोनेल वेफर हा समुद्री लुटारूंच्या टोळीतला शस्त्रवैद्य. १६८१ साली टोळी दारिएन ओलांडीत असताना वाळवावयास ठेवलेल्या बंदुकीच्या दारूचा भडका उडून त्याचा गुडघा होरपळला. चालता येईना, तेव्हा सोबत्यांनी त्याला मागे सोडले. तेथील मूळ रहिवाशांनी त्याला आसरा दिला. जुने ग्रंथ यांना कूना म्हणतात. ते स्वतः आज आपले नाव गुना असे लिहितात. त्यांनी वनस्पती चावून त्यांचा लेप गुडघ्यावर बांधला आणि तो बरा झाला. पुढे त्याने त्यांच्या राजाच्या पत्नीस औषधोपचार करून त्यांचा विश्वास मिळविला, काही महिने त्यांच्यासारखेच अंग रंगवून त्यांच्यात राहिला. इतका की, शेवटी सोबती भेटले तेव्हा त्यांनी त्याला बराच वेळ ओळखलेच नाही. स्वदेशी परतल्यावर त्याने त्या भूमीचे वर्णन लिहिले. ते १६९९ साली छापले गेले. पण त्याची हस्तलिखित वाचणारे काही लोक आधीच होते.

हे लोक म्हणजे १६९५ साली स्कॉटलंडच्या संसदेने सनद दिलेल्या व्यापारी कंपनीचे संचालक. विल्यम पॅटरसन या कल्पक गृहस्थाने त्यांच्या मनात भरविले की, दारिएनमध्ये वसाहत करावी, दोन महासागरांचा व्यापार त्या दारातून न्यावा आणि गरीब स्कॉटलंडचे दैन्य एका पिढीत फिटावे. लंडनमध्येही भांडवल जमू लागले होते. पण ज्या ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारी तेव्हा सुरतेस व मुंबईस होत्या, तिला ही स्पर्धा खपण्यासारखी नव्हती. तिने पार्लमेंटात खटपट करून लंडनचे भांडवल बंद पाडले. आपल्या इतिहासाचा हा एवढाच धागा या कथेत गुंतला आहे. पण तो बारीक नाही. स्कॉटलंडने मग हट्टाने ४,००,००० पौंडांचा आकडा आपल्याच घरात भरला. सरदार, वकील, धर्मोपदेशक, विधवा, लहानसहान गावांच्या पंचायती, सगळ्यांनी पैसे घातले.

१६९८ च्या जुलैत पाच गलबते निघाली. (त्याच वर्षी इकडे जिंजीचा किल्ला मोगलांच्या हाती गेला होता.) सुमारे १,२०० माणसे होती. कोठे जावयाचे याचे हुकूम मोहोरबंद असून ते वाटेत, मदीरा बेटाशी उघडावयाचे होते! गुप्ततेसाठी केलेली ही व्यवस्था आपल्याला नाटकी वाटते, पण तिचा अर्थ असा की, जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण कोणत्या हवेत, कोणत्या लोकांत चाललो हे ठाऊकच नव्हते. वेफरला स्कॉटलंडात गुप्तपणे बोलावून संचालकांनी आधीच सर्व काढून घेतले होते. त्यांचे लक्ष रंगाच्या मौल्यवान लाकडाची झाडे कोठे आहेत यावर होते. आणि माहिती मिळताच त्यांनी त्याची बोळवण केली. ज्या एका माणसाला दारिएनच्या लोकांनी हाताने बरे केले होते, तो मोहिमेबरोबर गेला नाही.

आणि सामान? लोकरीचे जाड कापड, पायमोजे, जोडे, केसांचे टोप, कंगवे, बायबलच्या प्रती. टोपांवरून पुढे पुष्कळ थट्टा झाली. त्या काळच्या प्रतिष्ठित माणसाला टोप म्हणजे आपल्याकडच्या पागोट्यासारखाच, आणि पुष्कळसा माल इतर वसाहतींत विकण्यासाठी होता, हे ध्यानात घेतले तर संचालक अगदीच मूर्ख नव्हते. त्यांची चूक निराळी. त्यांनी विकणाऱ्याच्या डोळ्यांनी यादी केली. तेथे राहणाऱ्याला काय लागते, हा प्रश्न यादी करणाऱ्यांच्या मनात आलाच नाही.

नोव्हेंबरच्या आरंभी ही मंडळी पोहोचली. पावसाळा अजून सरला नव्हता. पॅटरसनची बायको थोड्याच दिवसांत वारली. बंदर दिसावयास सुंदर होते, पण उत्तरेचा वारा सुटला की गलबताला बाहेर पडता येत नसे. पलटणीतून निघालेले गडी दलदलीत किल्ला बांधू लागले व तापाने पडू लागले, दाणागोटा कुजला, कारभारी मंडळ आठवड्या-आठवड्याने अध्यक्ष बदलीत भांडत राहिले. इंग्लंडच्या राजाने आपल्या वसाहतींना हुकूम पाठविला की, यांना कोणी अन्न विकू नये. या सगळ्यांत गुना लोक मात्र मित्रत्वाने वागले. स्पॅनिशांचे वैरी म्हणून त्यांनी नव्या पाहुण्यांचे स्वागत केले, त्यांच्या नायकांनी तह केले. १६९९ च्या जूनमध्ये वसाहत मोडून उरलेले लोक निघाले. पॅटरसनला आजारी अवस्थेत उचलून गलबतावर न्यावे लागले. मायदेशी याची वार्ता पोहोचण्यापूर्वीच पुढची गलबते निघाली होती! मदतीसाठी आलेल्या दोन जहाजांपैकी ‘ऑलिव्ह ब्रँच’ हे बंदरातच जळाले. पेटती मेणबत्ती घेऊन कोणी ब्रँडी काढावयास तळघरात गेला, एवढेच त्याचे कारण. नोव्हेंबरच्या अखेरीस दुसरी मोठी मोहीम, तेराशे माणसांची, ओसाड झोपड्या व थडगी पाहावयास येऊन थडकली. स्पॅनिशांनी वेढा घातला आणि १७०० च्या मार्चअखेर शरणागती झाली. दोन्ही मोहिमांत मिळून सुमारे दोन हजार जीव गेले. बुडालेल्या भांडवलाची भरपाई म्हणून १७०७ साली इंग्लंडने जी रक्कम दिली, तिच्यासह स्कॉटलंडने आपली स्वतंत्र संसद सोडली. एका फसलेल्या बेताने राष्ट्राचे भवितव्य असे वळविले.

शरणागतीच्या प्रसंगीची एक हकीकत मला नेहमी सर्वांत मोठी वाटत आली आहे. अटी ठरत होत्या. गलबते, तोफा, निशाण यांची बोलणी झाली. तेव्हा अलेक्झांडर शील्ड्स हा धर्मोपदेशक पुढे झाला आणि त्याने स्पॅनिश सेनापतीस विनंती केली की, आमचे मित्र जे येथील लोक, त्यांना आमच्यामागे त्रास होऊ नये, असेही एक कलम असावे. सेनापतीने लॅटिनमध्ये तुटक उत्तर दिले: तुझे काम तू पाहा. शील्ड्सनेही तितक्याच थोडक्यात म्हटले, पाहीन. कलम पडले नाही. गलबते निघून गेली. गुना तेथेच राहिले. पाहुण्यांना निघून जाता येते, यजमानाला नाही. शील्ड्स त्याच वर्षी जमैकात वारला.

दीडशे वर्षांनंतर त्याच बंदरातून आणखी एक टोळी आत शिरली. आता कालव्याची हवा वाहू लागली होती. एडवर्ड कलन नावाच्या डॉक्टराने छापून टाकले की, येथे डोंगराला अवघी दीडशे फूट उंचीची खिंड आहे आणि आपण ती वारंवार ओलांडली आहे. त्याच्या व दुसऱ्या एका इंजिनिअराच्या नकाशावर विसंबून अमेरिकन आरमाराचा लेफ्टनंट आयझॅक स्ट्रेन १८५४ च्या जानेवारीत सत्तावीस जणांसह निघाला. शिधा दहा-बारा दिवसांचा. दीडशे फुटांची खिंड कोठेच नव्हती. गुना वाटाड्यांनी सांगितले की, ही नदी तुम्हांस हवी ती नव्हे, हिने गेलात तर फार लांब जाल. स्ट्रेनला वाटले, हे लोक आपल्याला चकवीत आहेत. त्याने नकाशावर विश्वास ठेवला. ती चुकुनाके नदी होती. ती किनाऱ्याला समांतर, वळणे घेत, कितीतरी दूर जाते. दहा दिवसांचा प्रवास दोन महिने चालला. कपडे अंगावर कुजले, माणसे रानातील आंबट फळे खाऊन दातांचे कवच गमावून बसली, सहा-सात जण वाटेत मेले. तो शूर होता, आपल्या माणसांवर त्याची माया होती, आणि तो परत त्यांच्यासाठी मदत घेऊन आला. याविषयी संशय नाही. पण खोटे बोलला तो सुशिक्षित डॉक्टर आणि खरे बोलला तो अर्धनग्न वाटाड्या. छापील कागदाला आपण सुशिक्षित लोक जो मान देतो, त्याची किंमत त्या माणसांनी दिली.

यानंतरचा कालव्याचा इतिहास सर्वश्रुत आहे, म्हणून येथे एवढेच नोंदवितो की, फ्रेंचांचा पहिला प्रयत्न (१८८१–८९) ज्या तापांनी हजारो माणसांसह गिळला, त्यांतील हिवतापाचे गुपित डासाच्या पोटात आहे हे रोनाल्ड रॉस याने १८९७ साली आपल्या सिकंदराबादेस शोधून काढले. १९०४ ते १९१४ मध्ये कालवा पुरा झाला तो डासांविरुद्धच्या युद्धाच्या बळावर. आज जंगलात निघणाऱ्या तरुणाच्या सामानात मच्छरदाणी सर्वांत हलकी असते आणि सर्वांत जास्त जीव तीच वाचविते.

विसाव्या शतकातील दोन मोहिमा एकाच माणसाने आखल्या, म्हणून त्यांची तुलना फार उद्बोधक आहे. जॉन ब्लॅशफर्ड-स्नेल हा ब्रिटिश सैन्यातील इंजिनिअर अधिकारी. १९७२ साली त्याने दोन मोटारगाड्या दारिएनमधून पार नेण्याचा विडा उचलला. त्यांना दलदलीसाठी मुद्दाम रुंद टायर बसविले होते. त्या टायरांचाच भार चाकांच्या आसातील दातेरी यंत्रणेला न सोसून ती फुटली, आणि कित्येक दिवस गाड्या चिखलात बसून राहिल्या. एकंदर सुमारे शंभर दिवस लागले. पुढे घोडे चालत होते, वाट कोयत्यांनी तोडली जात होती, ओढ्यांवर शिड्या टाकल्या जात होत्या. गाड्या पार झाल्या खऱ्या. त्या पार झाल्याने कोणाचे काय साधले, हा प्रश्न मात्र राहतोच.

सहा वर्षांनी त्याने आखलेली मोहीम निराळ्या जातीची होती. ड्रेकच्या पृथ्वीप्रदक्षिणेला चारशे वर्षे झाली, या निमित्ताने तिला ड्रेकचे नाव दिले. १९७८ च्या ऑक्टोबरात प्लिमथहून ‘आय ऑफ द विंड’ हे शिडाचे जहाज निघाले आणि १९८० च्या अखेरीस परतले. सतरा ते चोवीस वर्षांची, सत्तावीस देशांतली चारशेहून अधिक मुले-मुली टप्प्याटप्प्याने तिच्यात सामील झाली. प्रत्येक टप्पा काही महिन्यांचा. काही काळ जहाजावर खलाशी, काही काळ जमिनीवर संशोधकांचे मदतनीस. हेतू उघड सांगितलेला होता: साहसाची हौस असलेल्या पोरांना उपयोगी काम द्यावे. पहिला मोठा जमिनीवरचा तळ पडला तो दारिएनमध्ये, स्कॉट लोकांच्या त्याच बंदरावर, आणि तोही १९७९ च्या आरंभी, म्हणजे कोरड्या ऋतूत. ड्रेकनेही फेब्रुवारीच धरला होता. त्यांनी आक्लाचे अवशेष हुडकले, पाण्यात बुड्या मारून जळालेल्या ‘ऑलिव्ह ब्रँच’चे लाकूड शोधले. अँड्र्यू मिचेल या तरुण प्राणिशास्त्रज्ञाने मुलांच्या मदतीने उंच वृक्षांच्या शेंड्यांजवळ हलके झुलते पूल बांधले. कारण अशा अरण्यातील जीवसृष्टीचा मोठा भाग जमिनीवर नसतो, तो वर पानांच्या छपरात असतो आणि तोवर तो खालून मान वर करूनच पाहिला जात असे. ज्या भूमीवर सिमारोनांनी झाडाला पायऱ्या पाडून ड्रेकला वर चढविले, तेथेच हे घडावे याची मला गंमत वाटते.

अशा रानात तरुणांची टोळी नेताना काय पाहावे लागते, हे अशा मोहिमांच्या वृत्तांतांवरून चांगले कळते, आणि आमच्या मुलांनाही मी ते सांगितले. दाट रानात वाट तोडीत जाताना तासाला दीड किलोमीटर झाले तरी पुष्कळ. म्हणून नकाशावरचे अंतर न मोजता दिवस मोजावे. विषुववृत्ताजवळ सहा वाजता अंधार पडतो आणि झाडाखाली त्याआधीच. तेव्हा चार वाजता चाल थांबवून तळ टाकावा. झोळी बांधण्यापूर्वी मान वर करून पाहावे, कारण साप-विंचवापेक्षा वाळलेली फांदी अधिक माणसे मारते. कपड्यांचे दोनच जोड: एक चालण्याचा, तो नेहमी ओलाच असणार, दुसरा निजण्याचा, तो जिवापाड कोरडा ठेवावा, आणि सकाळी कितीही किळस आली तरी पुन्हा ओलाच अंगावर चढवावा. हे शेवटचे नियम मोडल्यावर दोन दिवसांत पायांची कातडी निघू लागते. नदीकाठी तळ टाकू नये. वर कोठे पाऊस पडला हे खाली कळत नाही. आजारी माणसाला बाहेर कसे काढावयाचे, हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे, आणि ज्या ठिकाणाहून काढता येणार नाही तेथे मुलांना नेऊच नये. आईबापांनी मोहिमेच्या म्होरक्याला विचारावयाचा प्रश्न हाच.

पण ही सर्व शरीराची तयारी झाली. उपयोगी काम म्हणजे कोणाच्या उपयोगाचे? त्याच मोहिमेची एक तुकडी पुढे इंडोनेशियात सुलावेसी बेटावरील मोरोवाली या अरण्यात गेली. तेथे त्यांनी मेहनतीने पाहणी केली, अरण्याच्या रक्षणाचा आराखडा करण्यास हातभार लावला. १९८६ साली ते अरण्य राखीव म्हणून जाहीर झाले. हे चांगलेच झाले. परंतु त्या अरण्यात वाना नावाचे लोक पिढ्यान् पिढ्या डोंगरशेती करून राहत होते, आणि एका कागदाने ते आपल्याच घरात परवानगीवाचून राहणारे ठरण्याची वेळ आली. विशी-बाविशीच्या मुलांना याचा दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. शील्ड्सने मागितलेले कलम त्याही कागदावर राहून गेले, इतकेच.

ड्रेकच्या नावाच्या मोहिमेतून पुढे १९८४ साली वॉल्टर रॅलेच्या नावाची याहून मोठी मोहीम निघाली, तीतून एक कायमची संस्था झाली, तिने अनेक देशांत हजारो तरुण पाठविले, आणि २०२२ साली पैशाअभावी ती बंद पडली. दारिएनमध्ये तरुणांची पावले मात्र थांबली नाहीत. २०२३ या एका वर्षात पाच लाखांवर माणसांनी ते अरण्य पायी ओलांडले. त्यांत एक लाखाहून अधिक मुले होती आणि काही आपल्या देशातलेही लोक होते. ते कामाच्या व आसऱ्याच्या शोधात उत्तरेकडे निघालेले निर्वासित. पुढे २०२५ साली उत्तरेची दारे बंद झाल्यावर हा लोंढा ओसरला. त्यांच्याजवळ ना यादी होती ना झोळी. हौसेने अरण्यात जाणाऱ्याने हे एकदा मनात आणावे.

राहता राहिले गुना. त्यांनी १९२५ साली पनामाच्या सरकारविरुद्ध उठाव केला आणि १९३८ साली आपला प्रदेश स्वायत्त करून घेतला. ते बहुतेक किनाऱ्याजवळच्या लहान बेटांवर राहतात. डोंगरमाथ्यावरील रान त्यांच्या हद्दीत असले तरी तेथे वस्ती नव्हती. १९७० नंतर सरकारने त्या माथ्यावरून रस्ता आणला, आणि रस्त्यामागून जमीनतोडे शेतकरी येणार हे दिसू लागले. तेव्हा त्यांच्या तरुणांनीच १९७५ च्या सुमारास उदिर्बी नावाच्या जागी जाऊन तळ टाकला. कसलेली जमीन कोणी बळकावीत नाही, म्हणून त्यांनी पिके लावली, जनावरे पाळली. समुद्रकाठच्या या पोरांना ते उंचावरचे थंड, धो-धो पावसाचे रान परकेच होते. पिके कुजली, माती वाहून गेली. म्हणजे अरण्याचे मालक असूनही त्यांचा पहिला बेत साफ फसला. पण त्यांनी जाणत्यांना बोलावून विचारले; उत्तर आले की, ही भूमी शेतीची नव्हेच, ती रानच राहू द्या. मग पनामा शहरात नोकरी करणाऱ्या गुना लोकांच्या संघटनेच्या पुढाकाराने १९८३ पासून त्यांनी ते अरण्य राखण्याचे काम हाती घेतले, हद्दीची रेषा स्वतः तोडून काढली, पहारे बसविले. १९८८ साली त्यांनी एक छोटी पुस्तिका छापली: बाहेरून अरण्याचा अभ्यास करावयास येणाऱ्यांनी काय करावे याचे नियम. आधी परवानगी मागावी, बरोबर गुना वाटाड्या व मदतनीस घ्यावा, त्याला आपले काम शिकवावे, आणि जे लिहाल त्याची प्रत येथे ठेवून जावी.

आमच्या मुलांनी नाताळची मोहीम पुढे ढकलली. दोघेजण बसने घाटाखाली जाऊन त्या पाड्यावर दोन रात्री राहून आले. शाळेच्या भिंती गेल्याच वर्षी दुसऱ्या कोणत्यातरी मंडळींनी रंगविल्या आहेत, आणि त्याच्या आदल्या वर्षीही रंगविल्या होत्या, असे कळले. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितले की, वरच्या टाक्यात गाळ भरला आहे, पाड्यातले पुरुष तेव्हा वीटभट्टीवर गेलेले असतात. यायचेच असेल तर होळीच्या आत या, आणि येताना घमेली आणा, आमच्याकडे चारच आहेत. यादीतून रंगाचे डबे व कुंचले खोडले आहेत. घमेली कोठे भाड्याने मिळतात, याचा शोध चालू आहे.